सोनगीरच्या डायरेक्टरबाई

धुळ्याला माझा मांडवाचा आणि भांड्यांचा धंदा आहे. लग्न असो की तेरावं, खुर्च्या, पातेली, पराती, शेगड्या माझ्याकडून जातात, आणि स्वयंपाकाला बायका हव्या असतील तर त्याही मीच ठरवून देतो. या धंद्यात माणसं कळतात. पंगतीत बसलेली फारशी कळत नाहीत, पंगतीमागे राबणारी कळतात. द्रौपदाबाई मला अशीच कळली. तिच्याविषयी लिहायला बसलोय खरा, पण माझा राग अजून गेलेला नाही. तेव्हा हे लिखाण कुठे जास्त तिखट झालं तर वाचणाऱ्यानं पाणी पिऊन घ्यावं.

द्रौपदाबाई सोनगीरची. खापरावरचे मांडे करणारी. मांडा म्हणजे काय हे आमच्या खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. ती पुरणाचीच पोळी, पण तिला पोळपाट-लाटणं लागत नाही. दोन्ही हातांवर झुलवत झुलवत ती वाढवायची, कोपरापर्यंत आली की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायची. जमलं तर पलीकडचा माणूस दिसावा इतकी पातळ होते, नाही जमलं तर पुरण चुलीत. पंचक्रोशीत मांडे करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात लोक द्रौपदाबाईची तारीख आधी विचारायचे आणि मग पाहुण्यांना बोलावणं धाडायचे.

नवरा बन्सीलाल पितळेच्या भांड्यांना ठोके घालणारा कारागीर. छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. मागे एकुलती एक मुलगी, सारिका. द्रौपदाबाईनं तिला धुळ्याला ठेवून नर्सिंग शिकवलं. चाळीसगावचं स्थळ आलं, मुलगा कॉम्प्युटरवाला, लग्न झालं. मग सारिकाला इंग्लंडमध्ये दवाखान्यात नोकरी लागली आणि दोघं तिकडे गेले. त्या वर्षीपासून द्रौपदाबाई आखाजीला दुसऱ्यांच्या माहेरवाशिणींसाठी मांडे करायची आणि तिसऱ्या प्रहरी माझ्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून फोनवर लेकीला विचारायची, तू काय खाल्लंस.

तिची एक सवय सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच बेतलं. रिकाम्या हातानं जेवलेलं तिला पचायचं नाही. कुणाच्या घरी पाहुणी म्हणून गेली तरी ताट समोर यायच्या आत ही उठून मिरच्या निवडायला बसायची. आणि लेकीच्या घरचं तर पाणीसुद्धा नाही. आमच्याकडे जुन्या माणसांत रीत आहे: लेकीला मूलबाळ होईपर्यंत आईबापानं तिच्या सासरी जेवायचं नाही. आता कोण पाळतं? मी स्वतः माझ्या जावयाकडे दोनदा वाढून घेतो. पण द्रौपदाबाई पाळायची. चाळीसगावला लेकीला भेटायला गेली की डबा बांधून न्यायची आणि तो स्टँडवर बसून खायची. विहीण कमलबाई त्यावरून टोमणे मारायची, "आमच्या घरात विष कालवतात का हो?" द्रौपदाबाई नुसती हसायची.

तर सारिकाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे सांगायला नको. पण तिकडच्या डॉक्टरांनी विमानप्रवास करू नका म्हणून बजावलं. सारिका फोनवर रडली. द्रौपदाबाई मात्र रडली नाही. मला म्हणाली, "तिले माहेर येता येत नही ते माहेर तिनाकडे जाई. मी जासू, भाऊ."

मी म्हटलं, "अक्का, जा की. मुलीच्या बाळंतपणाला आई जाते, त्यात नवल काय? तसा अर्ज करायचा."

एवढं सरळ होतं. खरंच एवढंच सरळ होतं. पण सरळ गोष्टीला आमच्या जिल्ह्यात कुणी किंमत देत नाही. त्यात एखादा जाणकार घुसल्याशिवाय काम झालंसं वाटत नाही. इथे जाणकार म्हणून घुसला आकाश.

आकाश हा द्रौपदाबाईच्या भावाचा मुलगा. जळगावला स्टँडजवळ एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचं परदेशी शिक्षण, परदेशी नोकरी, परदेशी सर्वकाही असं ऑफिस. भिंतीवर विमानाचं चित्र. स्वतः हा गडी कधी विमानात बसलेला नव्हता. तोंड मात्र असं की ऐकणाऱ्याला वाटावं, याला पायलट विचारून उडवतो.

तो माझ्यादेखतच सोनगीरला आला. म्हणाला, "फुई, साध्या अर्जावर तुला कोण जाऊ देईल? विधवा बाई, ना जमीन, ना नोकरी. ते म्हणतील, ही परत येणार कशावरून? त्यापेक्षा आपण तिकडे कंपनी काढू. खापराचे मांडे! तिकडे आपली माणसं किती आहेत, तुटून पडतील. तू डायरेक्टर, मी डायरेक्टर."

"कंपनी काढाले तठे जावं लागस ना?" तिनं विचारलं.

"काही नाही गं. इथून, लॅपटॉपवरून. रेशन कार्डात नाव घालण्यापेक्षा सोपं आहे."

हे त्याचं खरं होतं, हे मला पुढे कळलं. कंपनी काढायला तिकडे जावंच लागत नाही. नाव द्या, पत्ता द्या, फी भरा, झालात तुम्ही विलायतेतल्या कंपनीचे डायरेक्टर. जळगावच्या उन्हात बसून व्हा.

मी विचारलं, "आणि व्हिसा?"

तो माझ्याकडे बघून असा हसला की जणू मी खुर्च्याच उचलायच्या लायकीचा. "नाना, ज्याची कंपनी त्याला कोण अडवेल? मालकाला स्वतःच्या दारात थांबवतात का?"

मी आणखी बोलणार होतो, पण द्रौपदाबाईचा चेहरा बघितला आणि कळलं, गडी जिंकला. कारण त्यानं पुढचं वाक्य नेमकं घातलं होतं: "फुई, तू तुझ्या कंपनीचं खाशील. सारिकाचं नाही." बाळंतपणाच्या महिनाभर आधी जायचं होतं. तेवढा महिना लेकीच्या घरी काय खायचं, हा घोर तिला लागलेला होता. आम्हाला कुणाला त्याची कल्पना नव्हती, पण आकाशला होती. तो तिच्याच घरात वाढलेला.

सारिकानं फोनवर सांगून बघितलं, आई, नको, साध्या कारणानं ये, मी पत्र पाठवते. आकाशनं तिलाही गुंडाळलं. तिला रात्रपाळ्या, पोटात बाळ, किती भांडणार ती?

कंपनी निघाली. अर्जात कारण लिहिलं, धंद्याची बोलणी आणि बैठक. सोबत कंपनीच्याच कागदावर कंपनीचं बोलावणं: डायरेक्टर द्रौपदाबाई यांना बैठकीस येण्याची विनंती. बोलावणारी तीच, येणारीही तीच. आणि गंमत बघा, व्हिसा मिळाला. आकाशची छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तुटायची बाकी होती.

मग सत्कार. आमच्याकडे सत्काराशिवाय काही घडत नाही. माणूस कुठे पोचायच्या आधीच त्याचा सत्कार होतो. सोनगीरला महामार्गावर फ्लेक्स लागला: आपल्या गावच्या द्रौपदाबाई इंग्लंडमधील कंपनीच्या डायरेक्टरपदी, हार्दिक अभिनंदन. फोटोत आकाश मोठा, द्रौपदाबाई कोपऱ्यात, डोक्यावर पदर. मांडव माझाच होता. शाल, नारळ, भाषणं. आकाश बोलला, आपली कला सातासमुद्रापार नेतोय वगैरे. द्रौपदाबाईला बोला म्हणाले तर ती माइकपासून लांब उभी राहून एवढंच म्हणाली की मी लेकीच्या बाळंतपणाला चालले आहे. लोकांना वाटलं, बाईला बोलता येत नाही. सगळ्या मांडवात एवढं एकच खरं वाक्य बोललं गेलं होतं, त्याला टाळ्या पडल्या नाहीत.

आकाशनं तिला शिकवून ठेवलं होतं: विचारलं तर म्हणायचं, धंद्याची बोलणी करायला आले. दुसरं काही बोलायचं नाही. तो स्वतः मागून येणार होता. ती एकटी गेली. बॅगेत काय नेलं ते मला माहीत होतं, कारण बांधायला माझीच माणसं होती. गोधडीत गुंडाळलेलं खापर, लहान परात, चाळून ठेवलेली गव्हाची पिठी, हरभऱ्याची डाळ, बाळंतिणीचा डिंक आणि बाळाची टोपडी. मी म्हटलं, "अक्का, खापर कशाला? तिकडे ओट्यावर गॅस असतो." म्हणाली, तव्यावरचा मांडा मांडा नसतो.

पुढचं तिनंच मला सांगितलं, परत आल्यावर, एकदाच. पुन्हा त्यावर कधी बोलली नाही.

तिकडच्या विमानतळावर काचेच्या खोक्यात एक बाई बसली होती. तिनं फोनवर दुभाषा लावून दिला. मराठी बोलणारा माणूस, कुठला कोण जाणे, पण तिचं बोलणं त्याला कळत होतं. पहिला प्रश्न, कशाला आलात? धंद्याची बोलणी करायला. ठीक. राहणार कुठे? लेकीकडे. ठीक. मग त्या बाईनं साधाच प्रश्न विचारला, सगळ्यांना विचारतात तो: म्हणजे इथला तुमचा राहण्याखाण्याचा खर्च तुमची मुलगी करणार?

याचं उत्तर हो असं होतं. दुसऱ्या कुठल्याही आईनं हो म्हटलं असतं. गुजरातची, पंजाबची, मद्रासची आई हो म्हणाली असती, आणि वर मुलीचं कौतुक केलं असतं. पण आमच्या द्रौपदाबाईला तो प्रश्न म्हणजे चारचौघांत केलेला आरोप वाटला. ती ताठ झाली आणि म्हणाली, "नही. आंडेरना घरनं अन्न मी खात नही. मनं मी काम करीसन खासू."

दुभाष्यानं इमानदारीनं जसंच्या तसं सांगितलं: लेकीच्या घरचं अन्न मी खात नाही, माझं मी काम करून खाईन.

काय काम करणार? मांडे. कुठे? मन्या कंपनीमा. मालकीण आहात ना तुम्ही? हा, मालकीण शे, पण बसीसन खानारी नही. मन्या हातनं करसू. द्रौपदाबाईला वाटलं, आपली मान उंचावतेय. समोरची बाई तिचं प्रत्येक वाक्य लिहून घेत होती.

मग बॅग उघडली. खापर निघालं, परात निघाली, पिठी निघाली. धंद्याची नुसती बोलणी करायला आलेल्या डायरेक्टरला पिठी कशाला लागते, हे द्रौपदाबाईला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तिला एका खोलीत बसवलं. चहा दिला. कुणी आवाज चढवला नाही, हे तिनं मला मुद्दाम सांगितलं, "चांगली व्हती ती बाई." मला उलट त्याचाच जास्त राग येतो. कुणी वाईट वागलं असतं तर त्याच्या नावानं शिव्या तरी देता आल्या असत्या.

बाहेर सारिका उभी होती. पोट घेऊन, सुजल्या पायांनी, नवऱ्याचा हात धरून. मध्ये किती भिंती होत्या देव जाणे. फोनवर बोलू दिलं. सारिका म्हणाली, "आई, पुन्हा विचारतील. एवढंच सांग, लेकीकडे राहीन, लेकीचं खाईन, काही काम करणार नाही. एवढंच म्हण, तुझ्या पाया पडते."

"खोटं कसं सांगू वं?"

"खोटं नाही, आई. खाशील ना माझं? माझं खायला काय झालं तुला?"

आणि पुन्हा विचारलं तेव्हा द्रौपदाबाईनं ते म्हटलं. आयुष्यभर पाळलेलं मोडून, परक्या मुलखात, परक्या बाईसमोर ती म्हणाली, लेकीचं खाईन. त्या बाईनं मान हलवली आणि विचारलं, मग मघाशी तसं का म्हणालात? दुसऱ्या दिवशीच्या विमानानं तिला परत पाठवलं. लेकीचं तोंड बघायला मिळालं नाही.

"रीत बी गई, भाऊ," ती मला म्हणाली, "आन आंडेर बी भेटनी नही."

मी तिला घेऊन सोनगीरला आलो तर फ्लेक्स अजून महामार्गावर झळकत होता. टेम्पो थांबवला, चढलो आणि फाडला. गावातली दोन टाळकी म्हणाली, नाना, ग्रामपंचायतीला विचारून काढायचा ना. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आकाशला मी जळगावला जाऊन गाठलं. वाटलं होतं, मान खाली घालेल. कसलं काय! म्हणाला, "नाना, सगळं नीट बसवलं होतं मी. फुईनंच तोंड उघडलं. मालक आहे म्हटल्यावर काम करीन कशाला म्हणायचं?" म्हणजे चूक कुणाची, तर जिला काम केल्याशिवाय जेवण जात नाही तिची. मी त्याच्या टेबलावरची विमानाची प्रतिकृती उचलली होती फेकायला. मग ठेवली खाली. प्लास्टिकची होती, त्याला लागलीही नसती.

खरं काय ते सारिकानं मला नंतर फोनवर समजावलं. ती बिचारी दमून बोलत होती. "झुलालमामा, कंपनी काढायला इथे कुणालाही बंदी नाही. त्या कंपनीसाठी बैठकीला येता येतं, बोलणी करता येतात. पण हात लावून काम करायचं तर कामाचा व्हिसा वेगळा. आणि तसा माणूस बोलवायची परवानगी आधी कंपनीला मिळवावी लागते. कंपनी स्वतःची असली तरी. मालकीण म्हणून तिला इथे चुलीपुढे बसता येत नाही. मी आकाशदादाला सांगत होते, ऐकलं नाही. मला नुसती आई हवी होती मामा, डायरेक्टर नको होती."

मग आम्ही साधा अर्ज केला. पहिल्यांदाच करायला हवा होता तो. लेकीचं बाळंतपण, आई येतेय, बस्स. पण आता त्यात आधीचं सगळं लिहावं लागलं: दारातून परत पाठवलं होतं, काम करणार असं सांगितलं होतं. नकार आला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नकारच दिला असता. हे लिहिताना माझंच डोकं फिरतं, पण खरं ते खरं.

इकडे दिवस भरत आले. सारिकाला कुणीतरी हवंच होतं. विहीण कमलबाई उठली. चाळीसगावहून सुनेच्या बाळंतपणाला जाते म्हणून अर्ज केला, मुलानं खर्चाचं पत्र पाठवलं, आणि व्हिसा आला. कंपनी नाही, फ्लेक्स नाही, बैठक नाही. खर्च कोण करणार विचारलं असेल तर तिनं ऐटीत सांगितलं असेल, मुलगा.

द्रौपदाबाईनं डिंकाचे लाडू केले, टोपडी पुन्हा बांधली आणि चाळीसगावला नेऊन विहिणीच्या बॅगेत स्वतःच्या हातानं भरली. मी सोबत होतो. कमलबाई सांगत होती, हे जड होईल, ते नको. द्रौपदाबाई एकेक काढून बाजूला ठेवत होती. शेवटी लाडवांतले अर्धे परत आणले. टेम्पोत ते तिनं माझ्या पोरांना वाटून टाकले.

सारिकाला मुलगी झाली. कमलबाई जितकं राहता येतं तितकं राहिली. बाळाला न्हाऊ घातलं, बाळंतिणीला शेक दिला, सगळं केलं. तिला मी वाईट म्हणणार नाही. केलं तिनं. पण जे दुसऱ्याचं होतं ते केलं, आणि परत आल्यावर ते सांगतही सुटली.

परतल्यावर चाळीसगावला तिनं नातीच्या नावानं जेवण घातलं. भांडी माझी. द्रौपदाबाई आजी म्हणून मानानं बोलावलेली होती, पण नेहमीप्रमाणे मागे जाऊन कणीक तिंबायला लागली. बायकांत कुणीतरी विचारलं, पहिलं बाळंतपण माहेरचं ना हो, मग तुम्हीच कशा गेलात? कमलबाई मोठ्यानं म्हणाली, "अहो, त्या कंपनीच्या डायरेक्टर! त्यांना कुठला वेळ?" बायका हसल्या. द्रौपदाबाईही हसली. मी पराती मोजत होतो, त्यातली एक हातातून सुटली की मी आपटली, मला आठवत नाही.

मग तिकडून फोन आला, चेहरा दिसतो तसला. सारिका मांडीवर मुलीला घेऊन बसली होती. फोन या हातातून त्या हातात फिरत द्रौपदाबाईकडे आला. तिनं पदराला हात पुसले आणि फोन दोन्ही हातांनी धरला. नात तिच्याकडे बघत होती, कुठल्याही अनोळखी माणसाकडे मूल बघतं तशी, तोंड बंद करून. सारिका म्हणत होती, "ही बघ आजी, ही बघ माझी आई." मूल ढिम्म. तेवढ्यात मागून कमलबाईनं टाळी वाजवून हाक मारली. पोरीनं हात-पाय झाडले, खिदळली, पडद्यावर झेपच घ्यायला लागली. द्रौपदाबाईनं फोन जरा वर केला आणि स्वतः बाजूला सरकली, म्हणजे नातीला मागचं नीट दिसावं.

परतताना ती पुढच्या सीटवर बसली होती. सारिकानं मला सांगितलं होतं ते मी तिला सांगितलं: काही वर्षं गेल्यावर पुन्हा अर्ज करता येईल, चांगला वकील बघू, या खेपेला मिळेलही. शिरूड फाटा आला.

"नको, भाऊ," ती म्हणाली. "ती पोर कमलबाईले वळखस, माले नही. तिना काय दोष? आते जाईसन मी करू काय? पहिलं बाळंतपण एकदाच व्हस."